हाताला आलं ते

ग्रिम्सबी
मंगळवार, ४ मार्च २०१४

लिनेट,

पाकिटावरचं अक्षर तू ओळखलंच असशील. तरी हे वाचते आहेस, म्हणजे फाडलं नाहीस. तेवढ्याबद्दल आभार.

तुझा पत्ता डॉरिसमावशीच्या वहीत सापडला. ती नोव्हेंबरात गेली. तुझं तिच्याशी पत्रांचं येणं-जाणं होतं हे मला ती गेल्यावरच कळलं. माझी सख्खी बहीण, पण कधी ताकास तूर लागू दिला नाही. बरंच केलं म्हणा. मला सांगितलं असतं तर ते माझ्याकडून ग्लेनला कळलं असतं.

तुझ्या भावावर एक केस झाली आहे. ती तुला बाहेरून कळण्यापेक्षा माझ्याकडून कळावी, म्हणून लिहिते. सहा फेब्रुवारीला त्याची नि खिडक्या पुसणाऱ्या डेझमंड पास्कची मागच्या अंगणात बाचाबाची झाली. शिडी कुठे लावायची, मोटरसायकल का हलवली नाही, असल्या फालतू गोष्टीवरून. त्यात पास्कला लागलं. गालाचं हाड मोडलं, आणि डावा डोळा गेला. साठीचा माणूस आहे. चार आठवड्यांतून एकदा येतो, खाली पाय पुसल्याशिवाय कधी चहाला आत आला नाही. त्याला त्या सकाळचं काहीच आठवत नाही. गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली, एवढंच आठवतं.

मी वरच्या मजल्यावर होते. मी काही पाहिलं नाही. पोलिसांनाही तेच सांगितलं.

ग्लेन जामिनावर आहे, माझ्याच घरी. बायको सोडून गेल्यापासून तीन वर्षं तो इथेच असतो. संध्याकाळी सात ते सकाळी सात त्याला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकता येत नाही. घोट्याला पट्टा बांधलाय आणि बोळात एक राखाडी डबा बसवलाय. तो बाहेर गेला की डबा कुणाला तरी कळवतो. मी कुठे गेले तर डब्याला त्याचं काही नसतं, पण मीही सातच्या आत घरी असते.

उत्तर द्यावंसं वाटलंच, तर घरी पाठवू नकोस. वरच्या कोपऱ्यात चॅपलचा पत्ता लिहिलाय, तिथल्या पाद्रीबाई ठेवून घेतील. फोन तर करूच नकोस, फोन तोच उचलतो. हे मी लायब्ररीत बसून लिहितेय. पुस्तक बदलायला चालले, असं सांगून आलेय.

काळजी करण्यासारखं काही नाही.

आई


गुरुवार, १३ मार्च

लिन,

तुझं उत्तर आलं नाही. येईल असं मी धरलंही नव्हतं. तरी पुन्हा लिहितेय, कारण हे बोलायला मला दुसरं कोणी नाही.

सोमवारी ग्लेनबरोबर त्याच्या वकिलाकडे गेले होते. तरुण मुलगा आहे, सभ्य. त्याने कागदावर १८ आणि २० असे दोन आकडे काढून दाखवले. कायद्याची कलमं. कायदा १८६१ सालचा. जखम दोन्हीकडे तीच, डोळा दोन्हीकडे गेलेलाच. पण रागाच्या भरात हात उचलला आणि नको तेवढं लागलं, तर २०, फार तर पाच वर्षं. आणि ठरवून, जबर इजा करायचीच म्हणून मारलं, तर १८. त्याला जन्मठेपेपर्यंत काहीही होऊ शकतं.

“सगळा प्रश्न मनात काय होतं याचा आहे,” वकील म्हणाला.

“मनातलं कुणाला कसं कळणार?” मी विचारलं.

“माणूस काय बोलला, काय केलं, हातात काय घेतलं, कुठून घेतलं, त्यावरून ठरवतात.”

ग्लेन लगेच म्हणाला, “हाताला आलं ते उचललं. आईने पाहिलंय.”

वकिलाने माझ्याकडे पाहिलं. “पोलिसांच्या कागदात तर त्या वर होत्या असं आहे.”

“घाबरली होती बिचारी. आता नीट सांगेल. काय गं?”

मी मान हलवली. वकिलाने पेन खाली ठेवलं. म्हणाला, “मिसेस कथबर्ट, तुमचा जबाब मला तुमच्या एकटीच्या तोंडून हवा. यांच्यासमोर नाही. तीन एप्रिल, सकाळी अकरा. आणि एक लक्षात ठेवा, कोर्टात शपथेवर खोटं बोलणं हाही गुन्हाच आहे.”

रस्त्यात ग्लेन माझ्याशी फार गोड वागला. हात धरून रस्ता ओलांडून दिला. हॅडक मासा आणि चिप्स घेतले, माझ्या चिप्सवर व्हिनेगर स्वतः शिंपडलं. तुला ठाऊकच आहे तो गोड वागला की पुढे काय असतं.

तेव्हापासून सातनंतर आमची तालीम असते. तो तुझ्या वडिलांच्या खुर्चीत बसतो आणि वकील होतो.

“मिसेस कथबर्ट, पास्क काय करत होता?”

“खिडकीतून आत डोकावत होता.”

“मग?”

“ग्लेनने विचारलं, तर शिवी दिली. अंगावर शिडी उगारली.”

“मग माझ्या अशिलाने काय केलं?”

“हाताला आलं ते उचललं.”

“बघ! जमतंय की म्हातारीला!”

काल माझं चुकलं. मी ‘उचललं’च्या जागी ‘आणलं’ म्हणाले. तो उठला, मला भिंतीशी नेलं, म्हणजे मीच मागे मागे सरकत गेले, आणि माझ्या कानाशेजारी भिंतीवर तळहात असा आपटला की चौकटीतला फोटो खाली आला. अर्धा तास कानात शीळ घुमत होती. तो माझ्या तोंडाजवळ तोंड आणून म्हणाला, “हात लावला का मी? सांग ना. लावला?”

नाही लावला. हे मी खरं लिहितेय.

मी वरच्या मजल्यावर नव्हते, लिन.

आई


मंगळवार, २५ मार्च

लिन,

तुझं कार्ड मिळालं. पाद्रीबाईंनी प्रार्थनेच्या पुस्तकात घालून दिलं. तिथेच बाकावर बसून वाचलं आणि पुन्हा त्यांच्याकडेच ठेवायला दिलं. तुझी दोनच वाक्यं आहेत, मला पाठ झालीत. ‘त्या दिवशी काय झालं ते जसंच्या तसं लिही. जमत नसेल तर पुन्हा लिहू नकोस.’

लिहिते. मधे थांबले तर मला जमणार नाही.

त्या दिवशी खिडक्यांची पाळी होती. नऊला मी ग्लेनला उठवलं, मोटरसायकल हलव, पास्कला शिडी लावायला जागा नाही, एवढंच म्हणाले. तो खाली आला तेव्हाच डोळे तसे होते. मी टोस्टला लोणी लावत होते. तो म्हणाला, “तू मला माझ्या घरात हुकूम सोडतेस?” मी म्हणाले, घर माझं आहे. का म्हणाले कोण जाणे. तीन वर्षांत म्हणाले नव्हते.

त्याने माझा गळा धरला. एका हाताने. मला सिंकवर असं दाबलं की नळ पाठीत रुतला. हे पहिल्यांदा नव्हतं, लिन. तिसऱ्यांदा होतं. गळा धरला की सगळ्यात आधी आवाज जातो, मग डोळ्यांपुढे काळे ठिपके येतात. पाय माझे राहिले नव्हते.

तेवढ्यात काचेवर टकटक झाली. पास्क होता. हातात ओलं फडकं. तो बाहेरून ओरडला, “मिसेस कथबर्ट! बऱ्या आहात ना? ए, सोड त्यांना! दार उघड!”

ग्लेनने मला सोडलं आणि मागच्या दाराने बाहेर गेला. पळत नाही, चालत. पास्ककडे त्याने पाहिलंसुद्धा नाही, सरळ शेडमध्ये गेला. मी सिंकला धरून उभी होते, खिडकीतून सगळं दिसत होतं. त्याने आधी अंगणाचा झाडू उचलला. हातात तोलून पाहिला. परत भिंतीला टेकवून ठेवला. मग आत वाकून तुझ्या वडिलांची छोटी पहार काढली.

पास्क स्वयंपाकघराच्या दाराशी आला होता, त्याची पाठ शेडकडे. तो मला विचारत होता, “अँब्युलन्स बोलावू का?”

माझा गळा तोवर मोकळा झाला होता. मी ओरडले असते तर तो वळला असता, वाकला असता. मी ओरडले नाही. आवाजच फुटत नव्हता, असं मी दीड महिना स्वतःला सांगत आले. ते खोटं आहे. तो पहार घेऊन येताना दिसला आणि मला काय वाटलं सांगू? वाटलं, सुटले. आज माझ्यावर नाही.

ग्लेन म्हणाला, “लई बघायची हौस आहे ना? आता बघ.” पास्क आवाजाकडे वळला. तेव्हाच मारलं. चेहऱ्यावर. एकदाच.

मग तो पहार धुऊ लागला, आणि मीच त्याला साबण दिला.

नळ अजून ठिबकतोय असं वाटतं मला, इथे लायब्ररीतही. पाच वाजून गेले. मला निघायला हवं.

आई


बुधवार, २ एप्रिल

लिन,

उद्या अकराला वकिलाकडे जायचंय. ग्लेन मला दारापर्यंत सोडणार आहे आणि बाहेर उभा राहणार आहे.

आज बाजारात पास्क भेटला. मी पालेभाजीच्या टेबलाआड लपले, पण त्याला एका डोळ्याने मी दिसलेच. गालाला खाच पडली आहे, डोळ्यावर पांढरी पट्टी. शिडीवर चढू शकत नाही, अंतर कळत नाही म्हणे. चहा ओततानाही कप चुकतो.

“मिसेस कथबर्ट, जरा थांबता का? भांडायला नाही.”

मी थांबले.

“मला एकच विचारायचंय. पोलिसांनी सांगितलं तुम्ही वर होतात, पण आवाज तरी आला असेल ना? मी काय बोललो हो? तुमचा मुलगा म्हणतो मी घाणेरडं बोललो, बायकांच्या खोल्यांत डोकावत होतो. चाळीस वर्षं हे काम केलं, असं कधी कुणी म्हटलं नाही. पण मला आठवतच नाही. मी रात्रंदिवस त्याच विचारात असतो. बायको तर आता माझ्याकडे अशी बघते की...” त्याने टोपी काढली. मग म्हणाला, “तसं काही बोललो असेन, तर तुमची माफी मागतो.”

त्याने माझी माफी मागितली, लिन. भाजीच्या टेबलापाशी, टोपी काढून.

मी म्हणाले, “मला घाई आहे.” आणि चालू लागले. पिशवीतले बटाटे कधी सांडले तेही कळलं नाही.

मला फार भीती वाटते. हे अक्षर बघ कसं झालंय. उद्या ग्लेनला हवं ते बोलले, तर तो पाच वर्षांच्या आतच परत येईल आणि मला म्हणेल, शाबास. नाही बोलले, तर उद्या संध्याकाळी सातला आम्ही दोघं त्याच घरात असू. दार आतून बंद, आणि बोळातला डबा फक्त त्याच्यावर लक्ष ठेवणारा.

काय करू ते विचारत नाही. तुला विचारायचा हक्क मला नाही.

आई


शनिवार, ५ एप्रिल

लिन,

मी चॅपलमागच्या पाद्रीबाईंच्या घरी आहे. ठीक आहे. ग्लेन कोठडीत आहे. सुरुवातीपासून सांगते.

गुरुवारी साडेदहाला निघालो. त्याने माझा कोट झटकून दिला, कॉलर सारखी केली. “घाबरू नकोस,” म्हणाला, “पाठ झालंय तुझं.” वकिलाच्या दाराशी तो सिगारेट ओढत उभा राहिला, मी आत गेले. टेबलापाशी बसल्यावर मुलाने विचारलं, “सुरू करू या?”

मी म्हणाले, “मला हा जबाब तुम्हाला द्यायचा नाही.”

त्याने दार लोटून घेतलं. मग हळूच म्हणाला, “मिसेस कथबर्ट, मी तुमच्या मुलाचा वकील आहे. तुम्हाला काय करावं हे मी सांगू शकत नाही. पण या ऑफिसला मागून दार आहे, ते मागच्या गल्लीत उघडतं.”

बस्स. एवढंच बोलला. मी मागच्या दाराने बाहेर पडले. माझे गुडघे आता धड नाहीत, तरी मी धावले. अडुसष्ट वर्षांची बाई, हातात पर्स, भर बाजारात. मागे प्रत्येक पावलाचा आवाज ग्लेनचा वाटत होता. पोलीस स्टेशनच्या पायऱ्यांवर मला उलटी झाली.

तिथे ब्रिजेट ऑल्डरसन नावाच्या पोलीसबाई होत्या, तुझ्याच वयाच्या. मी सगळं सांगितलं. झाडू, पहार, तो काय म्हणाला ते, साबण. फेब्रुवारीत खोटं बोलले तेही. मला अटक करा, म्हणाले.

“ते नंतर बघू. आधी गळ्याचं सांगा.”

“त्याचं काय सांगायचं? तो घरातला मामला. मी पास्कचं सांगायला आलेय.”

“मिसेस कथबर्ट, काळे ठिपके दिसले, पाय गेले, आवाज गेला. हा घरातला मामला नाही. हा स्वतंत्र गुन्हा आहे.”

मग मी तालमीचं सांगितलं, भिंतीचंही. म्हणाले, “पण तेव्हा त्याने बोटही लावलं नाही. खोटं कशाला सांगू.”

त्यांनी लिहिणं थांबवलं. “त्या क्षणी तुम्हाला काय वाटलं?”

“आता मारतो, असं वाटलं.”

“मग तोही हल्लाच. कायद्यात हात लागावाच लागतो असं नाही. आत्ता मारेल अशी भीती त्याने मुद्दाम तुमच्या मनात घातली, एवढ्यावर गुन्हा होतो.”

“नुसत्या भीतीवर?”

“नुसत्या भीतीवर.”

मला रडू आलं नाही, लिन, हसू आलं. वेड्यासारखी हसले. इतकी वर्षं मला वाटायचं, भीती ही माझीच खोड आहे. तुझे वडीलही तेच म्हणायचे, तू फार भित्री आहेस, ऑड्री. आणि तिकडे दीडशे वर्षांपूर्वीपासून ती मोजली जात होती.

ग्लेनला पोलिसांनी त्याच दुपारी घरातून उचललं. जाताना त्याने बोळातला डबा भिंतीवरून उपटला म्हणतात. पाद्रीबाईंनी मला सूप दिलं, ते तसंच निवून गेलं. तो कोठडीत आहे, तीन कुलपांच्या आत आहे, हे मला दर तासाला कुणीतरी सांगावं लागतं.

आई


बुधवार, २० ऑगस्ट

लिन,

खटला जुलैत झाला. तुला तेव्हाच लिहायला हवं होतं, पण शिक्षा होईपर्यंत पेन धरवेना. परवा झाली. दहा वर्षं. कलम १८. माझ्या गळ्याचे पंधरा महिने, तेही त्या दहातच धरून. माझं फेब्रुवारीचं खोटं पोलिसांनी पुढे नेलं नाही. पास्कची बायको कोर्टाबाहेर त्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होती. त्याने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली. तो मला माफ करतो का, मला ठाऊक नाही. साबणाचं त्यानेही तिथेच ऐकलं.

मला पडदा देतो म्हणाले होते, म्हणजे ग्लेन दिसला नसता. मी घेतला. शूरपणा वगैरे काही नाही. पडद्याआडून त्याच्या खोकल्याचा आवाज आला तरी माझ्या हातातलं पाणी सांडत होतं.

आता जे लिहायचंय ते तुझ्याबद्दल आहे. तुला न विचारता मी एक गोष्ट केली आहे.

ग्लेनच्या बाजूने कोर्टात नवा वकील होता, विग घातलेला, आवाज मधासारखा.

“मिसेस कथबर्ट, फेब्रुवारीत तुम्ही म्हणालात, मी वर होते. ते खोटं?”

“हो.”

“साबण दिला, पहार धुऊ दिली. तेव्हाही गप्प?”

“हो.”

“आणि आता आम्ही तुमच्यावर विश्वास ठेवायचा! मुलाच्या बाबतीत खोटं बोलायची तुम्हाला सवयच आहे, असं म्हटलं तर?”

“खरं आहे.”

त्याला हे अपेक्षित नव्हतं. तो हसला, बारा ज्यूरींकडे वळून म्हणाला, “सवय! कधीपासून म्हणे?”

मी म्हणाले, “१९९० पासून. माझी मुलगी लिनेट सतरा वर्षांची होती. ग्लेनने जिन्यावर तिचा हात पिळून मोडला. मी समोर उभी होते. हॉस्पिटलात डॉक्टरांनी तिला विचारलं, तेव्हा तिच्या आधी मीच उत्तर दिलं. मागच्या पायरीवरून घसरली, म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मग तीही तेच म्हणाली.”

जजसाहेबांनी मला थांबवलं. ज्यूरीला सांगितलं, हे या खटल्यात नाही, मनावर घेऊ नका. वकील खाली बसला. पडद्यापलीकडे ग्लेन ओरडत होता, त्याला शांत करायला वेळ लागला. पण मी बोलून गेले होते. भर कोर्टात, तुझं नाव घेऊन.

तू घरातून गेलीस तेव्हा मी लोकांना सांगितलं होतं, मुलगी हट्टी आहे. वडिलांच्या अंत्यविधीला आलीस आणि माझ्याशी न बोलता गेलीस, तेव्हा म्हणाले, मन दगडाचं आहे. तुझ्यापेक्षा मला ग्लेनची भीती जास्त वाटायची, म्हणून मी त्याच्या बाजूने राहिले. याहून मोठं कारण मी शोधलं, पण नाही सापडलं.

ब्रिजेटबाई नंतर बाहेर भेटल्या. त्यांनी विचारलं, ते हाताचं खरं आहे का? हो म्हणाले. त्या म्हणाल्या, असल्या गुन्ह्याला आपल्याकडे मुदत नसते, चोवीस वर्षं झाली तरी तो गुन्हा राहतोच. पण तो तुमच्या मुलीचा आहे. तक्रार करायची की नाही ते ती ठरवेल. मी किंवा तुम्ही नाही.

त्यांचं नाव आणि नंबर या पत्रासोबत वेगळ्या चिठ्ठीवर ठेवलाय. तू ती चिठ्ठी जाळलीस तरी मी समजेन. पुन्हा त्या हाताचं नाव नको असं म्हणालीस, तर काढणार नाही. पण तू तक्रार केलीस तर साक्षीदार लागेल, आणि तिथे त्या जिन्याजवळ तुझ्याशिवाय मी एकटीच होते.

मी माझ्या घरी परत आलेय, पण मला अजून भीती वाटते. सकाळी पोस्टमन दाराशी आला तरी मी आधी स्वयंपाकघरात जाते आणि मागच्या दाराची कडी काढून ठेवते. पण तू सांगशील त्या दिवशी, सांगशील त्या गावी मी येईन, आणि यावेळी पडदा मागणार नाही.

आई